फी भरली, तरी मुली शाळा का सोडतात?

पत्र

महोदया,

आम्ही काही निवृत्त सहकाऱ्यांनी मिळून एक निधी उभा केला आणि परिस्थितीमुळे शिक्षण सुटण्याची भीती असलेल्या मुलींची माध्यमिक शाळेची फी भरायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी चौदा मुली होत्या. दुसरे वर्ष संपत आले असताना त्यांपैकी सहा जणींनी शाळा सोडली आहे. त्यातल्या एकीच्या घरी मी गेले, तेव्हा तिचे वडील म्हणाले, "फी तुम्ही भरली, उपकार झाले. पण तिच्या जाण्यायेण्याची जबाबदारी कोण घेणार?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आता गटात मतभेद आहेत. यापुढे फक्त हुशार मुलींनाच मदत करावी, म्हणजे पैसा वाया जाणार नाही, असे काहींचे म्हणणे आहे. शाळेच्या नादी न लागता शिवणकामाचा वर्ग काढावा, असे काहींना वाटते. एक सहकारी सॅनिटरी पॅड वाटू या म्हणतात. शाळा सोडलेल्यांपैकी एकीचे लग्न झाले आहे आणि तिला पुन्हा शिकायचे आहे. मदत मुलींनाच का, आम्हाला का नाही, असे त्याच वस्तीतली काही मुलेही विचारू लागली आहेत. आम्ही पुढे काय करावे?

— एक निवृत्त कर्मचारी

उत्तर

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

चौदापैकी आठ मुली आजही वर्गात आहेत, आणि ज्या घरात फीच्या तारखेला पैसे नसतात त्या घरासाठी ही लहान गोष्ट नाही. तेव्हा निधी वाया गेला असा सूर बैठकीत कोणी लावला, तर तो मान्य करू नका. उरलेल्या सहा जणींबद्दल 'मुलींना आवडच नव्हती' किंवा 'घरच्यांना शिक्षणाची किंमत नाही' असा निष्कर्षही कोणाला घाईने काढू देऊ नका. त्या वडिलांनी तुम्हाला नकार दिलेला नाही. अडचण नेमकी कुठे आहे, हे त्यांनी तुम्हाला एका वाक्यात सांगितले आहे, आणि तुमच्या पुढच्या सगळ्या कामाची सुरुवात त्या वाक्यापासून व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

फी भरून काही होत नाही, असे मुळीच नाही. घानामध्ये 2008 मध्ये, उच्च माध्यमिक शाळेत प्रवेश मिळूनही पैशाअभावी तिथे जाऊ न शकलेल्या दोन हजारांवर मुलामुलींमधून चिठ्ठ्या काढून सुमारे 700 जणांना शिष्यवृत्ती देण्यात आली आणि पुढे अनेक वर्षे सगळ्यांचा मागोवा घेतला गेला. शिष्यवृत्ती मिळालेल्यांत शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे जास्त निघाले, आणि त्यातल्या मुलींना मुले उशिरा व कमी झाली. पण त्या मुलामुलींची स्थिती लक्षात घ्या. परीक्षा पास झालेली होती, प्रवेश हातात होता, घरच्यांची तयारी होती. अडत होते ते फक्त पैशापाशी. फी ही जिथे शेवटची अडचण असते तिथे ती भरली की वाट मोकळी होते. जिथे ती चार अडचणींपैकी एक असते, तिथे फी भरल्यावर उरलेल्या तीन जागच्या जागी राहतात, आणि तुमच्या सहा मुलींच्या बाबतीत बहुधा असेच झाले असावे. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की, यापुढे सगळ्यांना सारखी रक्कम वाटण्याआधी प्रत्येकीची वाट कुठे अडते ते शोधा आणि पैसा, वेळ, ओळखपाळख जे काही तुमच्याकडे आहे ते तिथे लावा.

हे शोधायचे कसे, यावर थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक गट इथेच घाई करतात. 'शाळा का सोडलीस?' असे थेट विचारू नका. या प्रश्नाला मुली ठरलेली उत्तरे देतात: मन लागत नाही, अभ्यास जमत नाही, घरी काम असते. मदत करणाऱ्या वडीलधाऱ्या बाईंसमोर घरची तक्रार करणे कोणत्याही मुलीला प्रशस्त वाटत नाही. त्याऐवजी तिला कालचा दिवस सांगायला सांगा, उठल्यापासून झोपेपर्यंत. किती वाजता उठलीस, पाणी कोणी भरले, धाकट्याला कोणी सांभाळले, घरातून कधी निघालीस, सोबत कोण होते, कोणत्या वळणावर पाय भराभर उचलावेसे वाटतात, परत आल्यावर वही कधी उघडलीस आणि कुठे बसलीस. अशा एका दिवसाच्या हकिगतीत पुष्कळदा असे आढळते की, आई सहा वाजता कामाला जाते, धाकटे भावंड दोन वर्षांचे आहे, आजी नऊ वाजता येते, शाळा मात्र सातला भरते. म्हणून मुलगी रोज पहिले दोन तास चुकवते, त्याच तासांना गणित असते, गणितात ती मागे पडते, मागे पडली म्हणून वर्गात बोलणी खाते, आणि बोलणी नकोत म्हणून एक दिवस, मग चार दिवस जात नाही. शेवटी तिच्या तोंडी 'अभ्यास जमत नाही' एवढेच उत्तर उरते. फीची पावती तिच्या घरी जपून ठेवलेली असते. अशा घरी सकाळचे तीन तास धाकट्याला सांभाळणारी एखादी शेजारीण शोधून तिला दरमहा काही रक्कम देणे, हा वर्षाच्या फीइतकाच शिक्षणावरचा खर्च आहे, आणि तुमच्या हिशेबवहीत तो बिनदिक्कत शिक्षण या सदराखाली लिहावे.

विचारल्याशिवाय उपाय ठरवला की सद्हेतूनेही पैसा भलतीकडे जातो. नेपाळमधल्या चितवनमध्ये संशोधकांनी मुलींना मासिक पाळीत पॅडऐवजी वापरायचे कप दिले आणि त्यांची हजेरी तपासली, तेव्हा असे दिसले की पाळीमुळे शाळा बुडण्याचे प्रमाण मुळातच अत्यल्प होते आणि कप दिल्याने हजेरीत फरक पडला नाही. मुलींना ते वापरायला सोयीचे वाटले, ही वेगळी आणि चांगली गोष्ट. पॅड वाटूच नका असा याचा अर्थ नाही. स्वच्छतेसाठी आणि मुलींच्या सन्मानासाठी ती द्यावीत, पण त्यामुळे गळती थांबेल अशी खात्री बाळगू नये. शाळेत मुलींसाठी वेगळे आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह आहे का, हे मात्र जाऊन बघाच. वयात येणाऱ्या मुलींच्या हजेरीसाठी ही बाब खरोखर मोलाची आहे.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येते. अंतर हे मुलींच्या शिक्षणातले फार मोठे कारण आहे, आणि दाता मंडळींच्या यादीत ते फार खाली असते. बिहार सरकारने 2006 मध्ये नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या त्या वयाच्या मुलींचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढलेले आणि मुलामुलींमधली तफावत 40 टक्क्यांनी घटलेली दिसली. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, हा परिणाम प्रामुख्याने शाळेपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत दिसला. शाळा जवळ होती तिथे सायकलीने विशेष काही बदलले नाही, कारण तिथली अडचण अंतराची नव्हतीच. आणखी एक गोष्ट सायकलीबरोबर आपोआप घडते: मुली एकेकट्या जात नाहीत, घोळक्याने जातात. झांबियातही पुढे सायकली देऊन पाहिले, तर गैरहजेरी घटली आणि वाटेत होणारा त्रासही कमी झाला. अंतर आणि सुरक्षितता या दोन अडचणी बाहेरून वेगळ्या दिसतात, पण वडिलांच्या मनात ती एकच काळजी असते.

शाळाच मुलींजवळ नेली तर काय होते, याचे उदाहरण अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतात आहे. तिथे 2007 मध्ये काही गावांत गावातल्या गावात वर्ग सुरू केले आणि काही गावे तुलनेसाठी तशीच ठेवली. वर्ग असलेल्या गावांत शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण शेकडा 50 हून अधिकने वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातला पटसंख्येचा फरक जवळजवळ नाहीसा झाला. तेच पालक, तीच गरिबी, तेच रीतिरिवाज. बदलले ते फक्त अंतर. ज्यांना मागासलेले म्हणून आपण सहज बाजूला काढतो त्या बापांनी मुलींना पाठवले. याच देशात 2021 पासून सहावीनंतरच्या मुलींना शाळेची दारे बंद आहेत आणि 2022 च्या अखेरीपासून विद्यापीठांचीही, हे लिहिताना फार वाईट वाटते. पालक तयार असूनही सत्तेने दार लावले तर काय होते, हे तिथे दिसते. ज्या समाजात दार उघडे आहे तिथल्या माणसांवर जबाबदारी अधिक आहे, असे मी मानते.

तुमच्या गटाला शाळा बांधता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. एकाच दिशेने जाणाऱ्या मुलींची नावे काढा, त्यांना एका वेळेला निघायला सांगा, पहिले काही आठवडे तुमच्यापैकी कोणीतरी त्यांच्यासोबत चाला. वाटेत कुठे त्रास होतो ते मुलींकडूनच समजून घ्या आणि त्या जागेबद्दल शाळेच्या मुख्याध्यापकांशी, गरज पडली तर पोलिसांशी, तुम्ही स्वतः बोला. मुलीच्या नावाने तक्रार गेली की तिचेच बाहेर पडणे बंद होते. सायकल, वाहनाचा पास, सोबत चालणारी एखादी बाई, यांपैकी काय हवे ते अंतर पाहून ठरवा. आणि मग त्या वडिलांकडे पुन्हा जा. 'जबाबदारी आम्ही घेतो' असे मोघम आश्वासन देऊ नका. कोणासोबत जाणार, किती वाजता निघणार, किती वाजता परतणार आणि उशीर झाला तर फोन कोणाला करायचा, एवढे ठरवून मगच सांगा.

वेळेचा प्रश्नही असाच आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली हे आपण सगळे सांगतो, पण दिवसभर राबणाऱ्यांना दिवसाची शाळा उपयोगाची नाही हे ओळखून त्यांनी 1855 मध्ये रात्रीची शाळाही काढली, याची आठवण कमी निघते. बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने 1985 पासून जे एका खोलीचे वर्ग चालवले, त्यात साधारण तीस मुले, गावातलीच एक शिक्षिका आणि पालकांशी बोलून ठरवलेली वेळ असे, आणि मुलींची संख्या मुलग्यांहून जास्त राहील याकडे लक्ष दिले जाई. तुम्हाला नियमित शाळेची वेळ बदलता येणार नाही, हे उघड आहे. पण मुलींना अभ्यासासाठी उजेडाची, शांत आणि सुरक्षित अशी दोन तासांची जागा मिळवून देता येईल, आणि ती अंधार पडण्याआधीच्या वेळेत ठेवता येईल. वाचनालयाची किंवा समाजमंदिराची खोली मागून घ्या. या कामाला निधीतला पैसा फारसा लागणार नाही, पण रोज कुलूप उघडायला माणूस लागेल.

फक्त हुशार मुलींनाच मदत करावी, या मताशी मी सहमत नाही, तरी त्यात तथ्य अजिबात नाही असेही म्हणणार नाही. केनियात परीक्षेतल्या गुणांवर मुलींना शिष्यवृत्ती ठेवली, तेव्हा ज्यांना ती मिळण्याची शक्यता कमी होती अशाही मुलींनी जास्त अभ्यास केल्याचे एका भागात दिसले; दुसऱ्या भागात मात्र तसा परिणाम नीट दिसला नाही. म्हणजे वर्गात बसलेल्या मुलीला त्यातून उभारी मिळू शकते. पण जी पहिले दोन तास रोज चुकवते, तिचे गुण तिची हुशारी दाखवत नाहीत, तिची सकाळ दाखवतात. गुणांची चाळणी लावली की तुमचा निधी अशा मुलींकडे वळेल ज्या तुमच्याशिवायही पुढे गेल्या असत्या. वर्षाच्या शेवटी तुमचा अहवाल सुरेख दिसेल आणि ज्यांच्यासाठी तुम्ही हे सुरू केले त्या त्यात नसतील. कोणाला घ्यायचे हे ठरवताना गुणांऐवजी असे पाहा की, आपण हात दिला नाही तर या वर्षी कोणाची शाळा सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

मदतीला अटी घालाव्यात का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पुढच्या बैठकीत तो येणारच. बांगलादेशाने 1994 मध्ये ग्रामीण भागातल्या सहावी ते दहावीच्या मुलींसाठी देशभर विद्यावेतन सुरू केले. त्याला तीन अटी होत्या: 75 टक्के हजेरी, परीक्षेत 45 टक्के गुण, आणि तोवर लग्न न करणे. पैसे मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात जात, ही त्यातली मला फार आवडणारी तरतूद आहे. मेक्सिकोने 1997 मध्ये सुरू केलेल्या योजनेत रक्कम आईच्या हाती दिली जाई आणि माध्यमिक वर्गांतल्या मुलींसाठी ती मुलग्यांपेक्षा जास्त ठेवलेली होती, कारण गळती तिथेच जास्त होती. अटींचा स्वतंत्र परिणाम काय होतो, हे मलावीतल्या झोंबा जिल्ह्यातल्या प्रयोगाने दाखवले. तिथे काही मुलींच्या घरी नियमित हजेरीच्या अटीवर पैसे दिले आणि काहींच्या घरी कोणत्याही अटीविना. अटीच्या गटात हजेरी आणि अभ्यास अधिक सुधारला. पण ज्या मुली तरीही शाळा सोडून गेल्या त्यांचा विचार केला तर बिनअटीच्या गटाचे पारडे जड निघाले: शाळा सुटली तरी घरात पैसा येत राहिल्यामुळे त्यांची लग्ने आणि गरोदरपण लांबले.

यावरून मी तुम्हाला असे सुचवेन की हजेरीची अट ठेवा, पण हजेरी घसरली की पैसे बंद करण्याऐवजी घरी भेट द्या, आणि मुलीने शाळा सोडली तरी तिच्याशी असलेला संबंध त्याच दिवशी तोडू नका. लग्नाची अट मात्र तुमच्यासारख्या लहान गटाने घालू नये. तो निर्णय बहुतेक वेळा मुलीचा नसतो, आणि दुसऱ्यांनी घेतलेल्या निर्णयाची शिक्षा तिला देणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणूनच ज्या मुलीचे लग्न झाले आहे आणि जिला पुन्हा शिकायचे आहे, तिला तुमच्या यादीत आधी घ्या. लग्न झालेल्या किंवा आई झालेल्या मुलींना शाळेबाहेर ठेवणे हे फार काळ नियम म्हणून मिरवले गेले. सिएरा लिओनने 2015 मध्ये गरोदर मुलींना शाळेत यायला बंदी केली होती, ती 2020 मध्ये उठवली. टांझानियाने आई झालेल्या मुलींना शाळेत परतण्याची मुभा 2021 मध्ये दिली. तुमच्या या मुलीला नियमित वर्गापेक्षा मुक्त विद्यालयाचा मार्ग सोयीचा पडेल, कारण तिथे रोज वर्गात जावे लागत नाही आणि एकेक विषय करून परीक्षा देता येते. तुम्ही तिच्या सासरी जाण्याआधी तिला विचारा की आम्ही यावे का, आणि त्या घरात तिच्या बाजूने बोलणारे कोण आहे. सासू असेल, नणंद असेल, दीरही असेल. आधी त्या व्यक्तीशी बोला. परीक्षेच्या दिवसांत घर कोण सांभाळेल, अभ्यासाचा फोन कोणाच्या हातात असतो, पुस्तके कुठे ठेवता येतील, हे प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतात, पण परतलेल्या मुलींचे शिक्षण याच प्रश्नांपाशी दुसऱ्यांदा थांबते.

परतणाऱ्या प्रत्येक मुलीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. दोन वर्षांच्या खंडानंतर तिला वयाप्रमाणे वरच्या वर्गात बसवले आणि तिला सरळ भागाकारही येत नसेल, तर ती महिनाभरात पुन्हा घरी बसेल, आणि या वेळी आपल्याला जमत नाही अशी तिची पक्की खात्री झालेली असेल. 'प्रथम' या संस्थेने वर्षानुवर्षे हे दाखवले आहे की मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता त्यांना सध्या काय येते त्याप्रमाणे केले आणि रोज थोडा वेळ तिथून पुढे शिकवले, तर ती वेगाने शिकतात. तुमच्या गटात कोणी शिकवू शकणारे असेल, तर अभ्यासाच्या खोलीतला पहिला महिना पाठ्यपुस्तकाला हात न लावता वाचन आणि आकडेमोड यांवर घालवा.

शिवणकामाच्या वर्गाला माझा विरोध नाही. ज्या मुलीला तो हवा आहे तिच्यासाठी तो जरूर काढा. पण शाळा जमली नाही म्हणून मशीन, असा क्रम ठेवू नका; गरीब मुलींच्या वाट्याला निवड न येता सोय येते, हे आपण फार पाहिले. शिकून पुढे काय, हा घरच्यांचा प्रश्न मात्र रास्त आहे. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत 2003 ते 2006 या काळात कॉल सेंटरसारख्या कंपन्यांत तरुणींसाठी कोणत्या नोकऱ्या आहेत आणि त्यांसाठी काय लागते, हे सांगणारी माणसे नेमाने पाठवली गेली. नोकरीची वाट खरोखर दिसू लागल्यावर तरुणींची लग्ने लांबली आणि शाळकरी वयाच्या मुलीही शाळेत जास्त टिकल्या. तुमच्या गटातल्या माणसांनी आयुष्यभर नोकऱ्या केल्या आहेत. परिचारिका, लेखनिक, तंत्रज्ञ, शिक्षिका झालेल्या तरुणींना वस्तीत बोलवा आणि त्यांना प्रेरणेची भाषणे द्यायला न लावता, कोणती परीक्षा दिली, किती वर्षे गेली, पहिला पगार घरी आल्यावर काय झाले, एवढेच सांगू द्या.

मदत मुलींनाच का, असे विचारणाऱ्या मुलग्यांना झिडकारू नका. मुलगे बहुतेक वेळा कमाईसाठी शाळा सोडतात आणि घरात त्याचे कौतुकही होते, म्हणून त्यांचे नुकसान लवकर दिसत नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकात आठवीच्या मुलग्यांना, शिक्षण पूर्ण केलेल्यांची मिळकत प्रत्यक्षात किती जास्त असते, एवढी माहिती दिली तर ते सरासरी काही महिने जास्त शिकले. पण सर्वांत गरीब घरांतल्या मुलग्यांवर या माहितीचा परिणाम झाला नाही, कारण घरची मजुरी बुडवणे त्यांना परवडणारे नव्हते. तेव्हा मुलग्यांसाठीही तोच प्रश्न विचारा: वाट कुठे अडते? अभ्यासाच्या खोलीत त्यांना वेगळी वेळ द्या, कामावर जाणाऱ्यांना मुक्त विद्यालयाचे अर्ज भरून द्या. मुलींसाठी ठेवलेल्या रकमेला आणि मुलींच्या वेळेला मात्र हात लावू नका, आणि असे का केले हे त्या मुलग्यांना स्पष्ट सांगा. समजावून सांगितले तर ते ऐकतील, आणि त्यांच्यातलेच काही जण बहिणींना वेळेवर शाळेत पोहोचवतील.

गटाच्या कामकाजाविषयी थोडे लिहून थांबते. प्रत्येक मुलीमागे तुमच्यापैकी एका व्यक्तीचे नाव लिहा, आणि ते नाव शक्यतो शाळा पूर्ण होईपर्यंत बदलू नका. 'कॅम्फेड' या संस्थेने 1993 मध्ये झिम्बाब्वेत 32 मुलींपासून काम सुरू केले. आज तिच्या कामाचा कणा म्हणजे स्वतः त्याच मदतीवर शिकून शाळांत परत आलेल्या तरुणी, ज्या धाकट्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहतात. तुमच्या आठ जणींतल्या मोठ्या मुली दोन-तीन वर्षांत हे काम करू शकतील, त्यासाठी त्यांना थोडे मानधन आतापासूनच अंदाजपत्रकात धरा. वहीत किती धनादेश दिले याच्या जोडीला कोण किती दिवस वर्गात होती हे दर आठवड्याला लिहा, आणि सलग तीन दिवस गैरहजेरी दिसली की चौथ्या दिवशी नेमलेल्या व्यक्तीने घरी जावे, असा नियमच करा. गळती एका दिवसात होत नाही, आणि पहिल्या आठवड्यात घरी गेलेले माणूस जे सावरू शकते ते वर्षअखेरीच्या बैठकीला सावरता येत नाही.

या सगळ्याआधी, याच आठवड्यात, त्या सहा जणींच्या शाळेत जाऊन कोणाकोणाचे नाव अजून पटावर आहे ते पाहा. नाव असेल तर ते कमी करू नये अशी मुख्याध्यापकांना लेखी विनंती करा. नाव कमी झाले असेल तर पुन्हा प्रवेशासाठी कोणते दाखले लागतात आणि शेवटची तारीख कोणती, हे विचारून या. असे अर्ज, जिथे एक शिक्का कमी पडला की दुसऱ्या खिडकीवर पाठवतात, मुलीच्या किंवा तिच्या आईच्या हाती देऊ नका. तिची एक फेरी म्हणजे आईची एक मजुरी असते. तुमच्यापैकी ज्यांचे सारे आयुष्य कार्यालयीन कागदपत्रांत गेले आहे, त्यांच्याकडे हे काम सोपवा; ते काम त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही.